रिकामा अडकित्ता

मी अबू धाबीत एका हॉस्पिटलच्या इन्शुरन्स विभागात क्लेम तपासते. कागद असेल तर मंजूर, नसेल तर नामंजूर. भुताखेतांच्या गोष्टींनाही मी आयुष्यभर हाच नियम लावला आणि एकही पास केली नाही. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. लिहितेय ते एवढ्यासाठी, की कोणाकडे सरळ कारण असेल तर ते मला हवंय.

आधी छंदाबद्दल सांगते. त्याला लेटरबॉक्सिंग म्हणतात. कोणीतरी डोंगरात किंवा खाडीकाठी छोटी पेटी लपवतो. तिच्यात हाताने कोरलेला एक ठसा आणि एक वही असते. जागेच्या खुणा बाकीच्यांना कोड्यासारख्या दिल्या जातात. पेटी सापडली की तिच्यातला ठसा आपल्या वहीत घ्यायचा आणि आपला स्वतःचा ठसा पेटीतल्या वहीत उमटवायचा. ठसे खोडरबरावर ब्लेडने कोरायचे. विकतचे चालत नाहीत. आणि उमटवायचा तो आपल्याच हाताने, जागेवरच. घरी बसून उमटवलेला कोणी धरत नाही.

माझ्या नवऱ्याला, प्रकाशला, स्टेंट बसला आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. नुसतं चालायचा त्याला कंटाळा, म्हणून आम्ही यात पडलो. मी माझ्यासाठी अडकित्ता कोरला, त्याने सुपारी. मी आधी अडकित्ता उमटवायचा, मग त्याने पात्यांच्या मधोमध सुपारी बसवायची. "एका चित्रात सगळा संसार," असं तो भेटेल त्याला ऐकवायचा.

इथे कोणीच कायमचं नसतं. व्हिसा संपला की सामान आवरताना खोडरबराचा ठसा सगळ्यात आधी कचऱ्यात जातो. अल क्वोजच्या वर्कशॉपमधल्या राजापूरच्या सुताराने कोरलेली होडी मी अशीच कचऱ्याच्या पिशवीतून काढली. काय रेघा होत्या! गोधडीला लोककला म्हणतात, रांगोळीला म्हणतात, मग हिला का नाही? तेव्हापासून जाणाऱ्यांचे ठसे आणि वह्या मी गोळा करते, स्कॅन करते, बटर पेपरमध्ये गुंडाळून खलिफा सिटीतल्या आमच्या घरी ठेवते.

गेल्या हिवाळ्यात याच छंदातला आमचा मित्र लॉरेन्स कायमचा वसईला निघाला. अल रीमला राहायचा, एका हॉटेलच्या बेकरीत होता.

"वहिनी, एक पेटी हत्ताच्या डोंगरात राहिली. गेल्या हिवाळ्यात ठेवलेली. खुणा कोणाला द्यायच्याच राहिल्या. तीपण न्या तुमच्या म्युझियममध्ये."

शनिवारी सकाळी आम्ही तिघे गेलो. चढ फार नव्हता, पण प्रकाश अधूनमधून थांबत होता.

"यल्ला, चला म्हातारबा, वर बोरं पिकलीत!" लॉरेन्स ओरडला.

"म्हातारा तुझा बाप!"

वर खरंच बोरीचं झाड होतं — इथे सिद्र म्हणतात. त्याच्या मुळाशी, दगडांखाली पेटी. झाकणाभोवती चिकटपट्टी, वर धुळीचा थर. लॉरेन्सने पट्टी चाकूने कापली आणि वही माझ्या हातात दिली. पहिल्या पानावर त्याचा स्वतःचा ठसा, पाव. मी पान उलटलं.

माझा अडकित्ता.

जुना नाही... नवा. जुना झिजला म्हणून मी महिन्याभरापूर्वी दुसरा कोरला होता, दांड्यांच्या टोकाला दोन पोपट असलेला. तो अजून मी कुठेच वापरला नव्हता. पानावरची शाई सुकून कागदात मुरलेली. एका पोपटाला डोकं नव्हतं. आणि पाती रिकामी.

प्रकाश हसला. "मला न सांगता येऊन गेलीस? आणि मला घरी ठेवलंस होय!"

लॉरेन्स हसला नाही. त्याने छातीवर क्रॉस केला. "आईशपथ वहिनी, पट्टी मी लावलेली तशीच होती."

"कोणीतरी माझी नक्कल केलीय."

"पण वर आलं कोण?"

घरी आल्यावर मी भिंग घेऊन बसले. कोरताना अडकित्त्याच्या खिळ्याजवळ माझं ब्लेड घसरलं होतं, तिथे एक जास्तीची रेघ पडलेली. वहीतल्या ठशातही ती होती. पण माझ्या खोडरबरावर दोन्ही पोपट शाबूत. म्हणजे नक्कलच, आणि तीही नीट न जमलेली. नामंजूर. विषय मी तिथेच संपवला.

आता एक गोष्ट. खोडरबर प्लास्टिकला चिकटून बसतो. शाळेत कंपासपेटीत पट्टीला चिकटलेला खोडरबर आठवत असेल. म्हणून मी ठसे कधी प्लास्टिकमध्ये ठेवत नाही. प्रकाशला हे शंभरदा सांगितलंय. तरी पाहुणे येणार म्हणून टेबल आवरताना त्याने आमचे दोन्ही ठसे प्लास्टिकच्या डब्यात टाकले आणि डबा बाल्कनीतल्या कपाटात ठेवला. सापडला तेव्हा उन्हाळा लागला होता. त्याची सुपारी सुटून आली. माझा अडकित्ता बसला घट्ट. सुरीने हळूहळू सोडवला, पण एका पोपटाचं डोकं डब्याला चिकटूनच राहिलं.

"सॉरी गं. नवा कोर ना."

माझं लक्ष नव्हतं. मी ठशाला शाई लावली, ट्रेसिंग पेपरवर उमटवला आणि तो पेपर हत्ताच्या वहीतल्या ठशावर ठेवला. तुटल्याची वेडीवाकडी कडसुद्धा कडेवर बसली.

प्रकाश माझ्या खांद्यावरून बघत होता.

"मग मी कुठे आहे?"

"काय?"

"हा ठसा घेऊन तू तिथे गेलीस. माझ्याशिवाय. मी कुठे होतो?"

"मूर्खासारखं बोलू नकोस. सुपारी आण तुझी."

"इथे? अगं, जागेवरच उमटवायचा असतो. थंडी पडली की जाऊ हत्ताला, तिथे—"

"त्या डोंगरावर तू पुन्हा चढणार नाहीस. इथेच उमटव. आत्ता."

जेवणाच्या टेबलावर, वरणाचं पातेलं बाजूला सारून, त्याने हत्ताच्या वहीतल्या पात्यांच्या मधोमध सुपारी उमटवली. ती किंचित तिरकी बसली.

"खलास?"

"खलास," मी म्हटलं.

ती शाई सुकत नाहीये.

त्याच पॅडच्या शाईने त्याच दुपारी घेतलेला ट्रेसिंग पेपरवरचा ठसा ताटं उचलायच्या आत सुकला होता. कागद तोच, म्हणजे शेजारचा अडकित्ता ज्यात मुरलाय तोच. एसीत ठेवलं, टीपकागद लावून बघितला, हेअर ड्रायर फिरवला. लॉरेन्सला वसईला फोन केला, तर म्हणतो, "वहिनी, वही होती तिथे नेऊन ठेवा." प्रकाशचंही तेच, थंडी पडू दे, दोघं जाऊ. मी हो म्हटलेलं नाही. त्याने एकट्याने जावं हे तर नाहीच, पण मी एकटीने जायचं तर... त्या पानावर आधीपासून तेच आहे ना, मी एकटी?

पट्टी लावलेल्या पेटीत माझा ठसा कसा आला, तेही तुटायच्या आधीच तुटलेला, याचं सरळ कारण कोणी सांगेल तर हवंय. संग्रहातल्या बाकी सगळ्या वह्या स्कॅन झाल्या. ही एवढीच राहिलीय, कारण स्कॅनरच्या काचेला शाई लागते.

प्रकाशची तब्येत चांगली आहे. रोज सकाळी तो आंघोळीला गेला की मी टिश्यूचा कोपरा त्या सुपारीला टेकवते. अजून काळा डाग उठतो. मग मी त्याचा डबा भरायला घेते.