पाइपाचा मधला तुकडा

अशी दारात उभी राहून काय हसतेस गं सुनंदा? इकडे ये, जवळ बस. भाची आहेस म्हणून बोलते, राग मानू नकोस. मघाशी या पोरींच्या नादानं तूही म्हणालीस, 'शेवंताची चूल'. घरात आणलेली वस्तू पुढं नडली की आमच्या गावात असं म्हणतात आणि हसतात. तू पडलीस बिरसीची सून, तुला काय ठाऊक! पण शेवंताबाई खरी बाई होती, आणि जे तिच्या नावावर लागलं ते तिनं केलंच नव्हतं.

चिचगडची होती ती. धूर पाइपानं बाहेर जाईल अशा चुली गावोगाव बांधायची. पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा मी पाट टाकला, पाणी दिलं, तर ही बाई चुलीच्या जागेकडे बघेचना. मान वर करून छप्परच बघत राहिली. आढं कुठं आहे, बांबू कुठून जातात, छपरावरचे कवेलू कुठं खचलेत. मी म्हटलं, बाई, चूल खाली बांधायची आहे. तर म्हणाली, "चूल तं कोणीबी बांधते वो. धुराले घराबाहेर पोचवून देणं, हे खरं काम."

पाइप तिनं सरळ वर नेला, कुठं वाकवला नाही. बांबूपासून चांगली वीतभर दूर. छपराशी कवेलू काढून पत्रा बसवला, त्याला पाइपापेक्षा मोठं भोक पाडलं आणि मधली फट मातीनं भरली. माती तापते पण पेटत नाही म्हणाली. पाइप आढ्याच्याही वर दोन हात काढला, वरून टोपी घातली. आमचे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, घरातले कर्ते. त्यांनी टोमणा मारला, घराले झेंडा लावून राहिली का? तिनं वळूनही पाहिलं नाही. "लहान ठेवला तं वारा धूर परत घरात लोटते, दादा. मंग जेवाले बसान तवा रडान." मी पदरात तोंड लपवून हसले. त्या माणसापुढं आमच्या घरात कोणी बोलत नसे.

जाताना बजावून गेली, दर महिन्याला बांबूला चिंध्या बांधून काजळी झाडायची. "आन पाइप मधातून कदी खोलू नको, बाई. आतून आग जाते, तुले दिसत नाही." नुसती सांगून थांबणारी नव्हती. न बोलावता यायची, चुलीत डोकावायची. कोणी ओलं लाकूड घातलेलं दिसलं की ते बाहेर ओढून, "हे अजून झाडच आहे वो, सरपण नाही झालं," म्हणायची. आमच्या गावात चौदा घरी तिची चूल होती. माझा खोकला गेला. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण माझ्या स्वयंपाकघराची भिंत मातीच्या रंगाची आहे हे मला तेव्हा कळलं.

आता पुढचं सांगते. दुसऱ्या वर्षी माळ्यावरून पिवळा भुगा पडायला लागला. आपल्याकडच्या घरांचे बांबू धुरावर टिकतात, बियाण्याचं धानही धुरावरच राखतात. धूर बंद झाला आणि बांबूला कीड लागली. भासरे रोज जेवताना म्हणत, या चुलीपायी घर पोखरून राहिलं. मला वाटलं, मी यातून वाट काढीन. पाइपाचे तुकडे एकात एक बसवलेले असतात. मी माळ्यावर चढले, मधला तुकडा काढला आणि भिंतीला टेकवून ठेवला. पंधरा दिवस बांबूंना धूर मिळू दे, मग परत लावीन. खाली स्वयंपाकघरात धूर नाही, वर बांबू राखले जातात. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होते.

चौथ्या दिवशी दुपारी सगळी खळ्यावर असताना माळा पेटला. बियाणं धानाच्या वाळल्या तणसात बांधून तिथंच ठेवलेलं. अर्धं घर गेलं. घरात एकट्या राहिलेल्या सासूबाईंना ओढून बाहेर काढलं, पण त्यांचे पाय भाजले ते पुन्हा जमिनीवर टेकले नाहीत.

ऐकून शेवंताबाई स्वतःहून आली. अंगणात गाव जमलेलं. भासरे म्हणाले, तुह्या पाइपानं माहं घर जाळलं. ती वाद घालत बसली नाही. काळ्या भिंतीला शिडी लावून चढली आणि तो तुकडा घेऊन उतरली. सगळ्यांसमोर ठेवला.

"हा आपल्या पायानं भिंतीले जाऊन टेकला नाही. कोणं काढला?"

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पदर पुढं ओढला.

आठ दिवसांत चौदाही घरचे पाइप उपटले गेले. दुसऱ्या गावांत तिच्या आधी बातमी पोचायची. तिला कोणी दारात उभं करेना.

भासरे वारले, त्यानंतर मी चिचगडला गेले. ती एका खानावळीत तीन दगडांच्या चुलीवर भात शिजवत होती, धुरात, खोकत. मी सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"मले त्याच दिवशी समजलं होतं."

मग बोलली काऊन नाही, मी विचारलं.

"बोलली असती तं तुले घरात ठेवलं असतं का? माहं काम गेलं, तुहं घर गेलं असतं." मग भात ढवळत म्हणाली, "पण तू तं बोलाले पायजे होतं वो."

मला बस म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही. बरोबरच केलं.

मागच्या पावसाळ्यात त्याच खोकल्यानं गेली. मी इथल्या बायांना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, जाऊ द्या आजी, आता काय त्याचं. आणि पुन्हा तसंच म्हणून हसतात. भासऱ्यांची मुलं शेजारीच राहतात. आपल्या आजीचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, पाय कशानं गेले हे ती आपल्या लेकरांना शेवंताचं नाव घेऊन सांगतात. त्यांच्यासमोर मी अजून तोंड उघडलेलं नाही.

उद्या तू बिरसीला जाशील. धान कापून झालं की ये. मी भासऱ्यांच्या मुलांना इथं बोलावीन आणि खरं सांगीन. तू माझ्याजवळ बस, म्हणजे मी पदर ओढला तर तू तो मागे करशील. लवकर ये गं.