पाहुण्यांसाठी गादी

माणूस रिटायर झाला की बोलायचे विषय कमी होतात आणि किस्से वाढतात, असा माझा अनुभव आहे. सौंसरच्या बस स्टँडजवळ रोज सकाळी चहाला बसणारे आम्ही तिघे: मी, नत्थूजी आणि देवराव. आधी आम्ही संत्र्याच्या भावावरून भांडायचो, मग मुलांच्या लग्नांवरून. आता फक्त कोणाचं काय दुखतं यावरून. तिघेही कुशीवर झोपणारे, त्यामुळे तिघांचेही खांदे आणि कंबर कामातून गेलेले. एवढ्याशा दुखण्यावर इतके किस्से साचलेत की कोणता आधी सांगावा तेच कळत नाही.

नत्थूजींपासून सुरुवात करतो. कारण त्यांच्यावर मी जळत नाही.

* * *

नत्थूजींना डॉक्टरने सांगितलं, डाव्या कुशीवर झोपत जा, पित्त कमी होईल. जन्मभर ते उजव्या कुशीवर झोपलेले. काही दिवसांनी आम्ही विचारलं, "काय जी, पडला का फरक?"

"पित्त गेलं ना! पण आमची मंडळी डाव्या अंगाले झोपते. डोळा उघडला का समोर तिचं तोंड! आता झोपच नाही येऊन राह्यली!"

* * *

देवरावचं तसं नाही. तो माझा शाळेपासूनचा दोस्त, आणि शाळेपासूनच त्याची प्रत्येक गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपत आली आहे. त्याने घरात कूलर आणला, मी त्याच्यापेक्षा मोठा आणला. त्याला नागपूरचा जावई मिळाला, म्हणून मीही नागपूरचाच शोधला.

एका संध्याकाळी देवरावची नवी फोमची गादी पांढुर्ण्याहून मालवाहू ऑटोत आली. ऑटो सरळ त्याच्या घरी गेला असता. पण या माणसाने तो आधी बाजारातून, मग बस स्टँडवरून आणि शेवटी माझ्या दारावरून फिरवून नेला! वर स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून मला हात दाखवला.

घरी वहिनींनी गादीला हळदकुंकू लावलं, समोर नारळ फोडला. नत्थूजींनी विचारलं, "गादीची पूजा असते का कुठी?"

"नव्या ट्रॅक्टरची करते ना लोक? ट्रॅक्टरवर तर मी घडीभर बसतो, हिच्यावर रातभर राहीन!"

हळदकुंकवाचा डाग लागू नये म्हणून गादीवरचं प्लास्टिक मात्र तसंच ठेवलं.

* * *

गादी कशी पसंत केली, ते देवरावने आम्हाला चहावर तीनतीनदा ऐकवलं. पांढुर्ण्याचे व्याही त्याला दुकानात घेऊन गेले होते. आता व्याह्यांसमोर कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन कसं झोपणार? म्हणून हा सभ्यपणे उताणा झोपला. टोपी छातीवर ठेवली, हात जोडले, डोळे मिटले.

"एकदम कडक गादी! अंग तिळभर आत नाही गेलं! व्याही घाबरले, म्हणे, उठा उठा, असे नका झोपू!"

नत्थूजी म्हणाले, "झोपता कुशीवर, अन् पाहून आले उताणे?"

हे वाक्य मी त्या वेळी ऐकायला हवं होतं. पण मी जळण्यात गुंतलो होतो.

* * *

त्याच दिवशी मी चारचौघांत बोलून बसलो, "आपण बुवा घरच्या कापसावर झोपणारी माणसं. फोमवर पेशंट झोपवतात!"

खोटं नव्हतं. आमची गादी रामाकोन्याच्या आमच्या शेतातल्या कापसाची, निळ्या पट्ट्यांच्या खोळीची, मागच्या साली पिंजाऱ्याकडून पिंजून पुन्हा भरलेली. पण त्या रात्री खांदा असा ठणकायला लागला की काय सांगू! देवराव आत्ता कसा झोपला असेल, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं. मी या कुशीवरून त्या कुशीवर करत राहिलो, तशी शेवटी बायको उठून बसली.

"अवो, खांदा दुखून राह्यला, का देवरावभाऊजी दुखून राह्यले?"

* * *

बायकोला घेऊन गुपचूप पांढुर्ण्याला गेलो. दुकान तेच शोधलं. दुकानदार भला माणूस. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "काकाजी, उताणे झोपता का कुशीवर?"

"कुशीवर."

"मग थोडी नरम घ्या. कुशीवर झोपलं का खांदा अन् कुल्हा जरासा आत गेला पाह्यजे. या वयात कडक घेतली तर खांद्यावरच सारा भार येते. झोपून तर पाहा!"

बायकोनेही कोपर मारलं. "झोपा ना जी! लाजता काहून?"

मी म्हटलं, "सौंसरच्या देवरावने कोणती नेली?"

"ते? ते कडक घेऊन गेले."

"तीच द्या. पण त्याच्याहून एक इंच जाड!"

* * *

एक इंच जाड म्हणजे फरशीवर आणखी एक फरशी. आठ दिवसांत माझा हात खांद्याच्या वर जाईना. सदरा घालायला बायको लागायची. पण बोलणार कोणाला? नवी गादी आणल्याचं तर गावभर झालं होतं. सकाळी देवराव विचारायचा, "कशी हाय बे तुही गादी?"

"स्वर्ग! अन् तुही?"

"स्वर्ग!"

आणि दोघेही खाली मान घालून चहा प्यायचो.

अशातच देवरावने निरोप पाठवला, घरी पाहुणे येऊन राहिले, तुझी जुनी कापसाची गादी दे. मी मोठ्या ऐटीत दिली. "घेऊन जा, आता आमच्या काय कामाची!"

ती गेली त्या रात्रीपासून मला तिची इतकी आठवण यायला लागली की सांगायची लाज वाटते. पण मागणार कोणत्या तोंडाने? पाहुणे गेले की येईल, म्हणून वाट पाहत बसलो. पाहुणे काही जाईनात!

नत्थूजी म्हणाले, "कोणते पाहुणे जी? त्याच्या दारात तर नवराबायकोच्याच चपला दिसते."

* * *

शेवटी एका दुपारी उठलो आणि थेट देवरावच्या घरी गेलो. वहिनी मागच्या अंगणात होत्या, पुढचं दार उघडंच होतं.

पलंगावर ती पूजेची फोमची गादी. प्लास्टिक अजून तसंच, आणि त्याच्यावर ओळीने पापड वाळत घातलेले!

खाली जमिनीवर माझी निळ्या पट्ट्यांची गादी. तिच्यावर देवराव, डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, खांदा माझ्या शेतातल्या कापसात रुतलेला, तोंड उघडं, आणि लहान लेकरासारखी गाढ झोप. त्याच्या कूलरवर, जावयावर, कशावरच मी एवढा जळलो नव्हतो.

मी ओरडलो, "देवराव!"

त्याने एक डोळा उघडला. मला पाहिलं. वर पापडांकडे पाहिलं. मग चादर कानापर्यंत ओढून घेत दबक्या आवाजात म्हणाला,

"हळू बोल ना गा वसंता! पाहुणे झोपले हायेत!"