सांजची गोळी

माझी उमर नाटक कंपनीत गेली. तोंडाचा रंग कायमचा उतरला तेव्हा मी शिवऱ्याला हायवेलगत एक खोली घेतली आणि एकटी राहू लागले. समोरच एसटी थांबायची. दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात सोजराबाई तिथं उतरली आणि पाणी मागायला माझ्या दारात आली. कपाळ मोकळं, खांद्यावर घोंगडी, पण मान अशी ताठ की आमच्या मॅनेजरनं तिला बघताक्षणी राणीचं काम दिलं असतं.

ती विंझरच्या वर, डोंगरातल्या धनगरवाड्यावरची. नवरा सिद्धनाथ आणि धाकटा दीर दोघंही ट्रकवर होते. दोघं एड्सनं गेले, आणि मागं राहिलेल्या दोघी जावांच्या रक्तातही तेच निघालं. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळू लागलं होतं, पण दर महिन्याला रोग्यानं स्वतः जायला हवं. पुण्यातला माणूस गोळ्या घेऊन दुपारच्या जेवणाला घरी पोचायचा. सोजराबाई डोंगर उतरून माझ्याकडं मुक्कामाला यायची, दुसऱ्या दिवशी पुणं करायची आणि तिसऱ्या दिवशी वाड्यावर पोचायची. तिच्या मुक्कामाची मी महिनाभर वाट बघायची. दोन माणसांचा स्वयंपाक करायला तेवढंच निमित्त.

गोळ्यांनी तिचे गाल भरले, आणि पुन्हा बसू लागले. एका मुक्कामाला माझ्या लक्षात आलं, जेवण झालं, अंथरूण पडलं, पण गोळी काही निघाली नाही. विचारलं तर म्हणाली, "सकाळची माजी, सांजची सुप्रियाची."

सुप्रिया म्हणजे धाकटी जाऊ. तिला डोंगर उतरवत नव्हता. शेळ्यांचं औषध कुणीही आणलं तरी ते सगळ्या घरांत वाटायचं, ही वाड्याची रीत. सोजराबाईच्या लेखी हेही औषधच.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून ती पांढरीफटक होऊन आली. नर्सबाईंनी सांगितलं होतं की अर्ध्या औषधानं दोघीही जातील. जावेला घेऊन या, तिलाही मिळेल.

वाड्यावरून आजारी माणूस घोंगडीच्या झोळीत उतरवतात, बांबूला दोन खांदे लागतात. बाळंतिणीला, साप चावलेल्याला अख्खा वाडा धावायचा. सुप्रियाच्या झोळीला कुणी हात लावीना. चुलतदीर बिरू म्हणाला, "वयनी, तुमी पुण्याच्या पावण्या. खांदं बी तिकडूनच आणा."

सोजराबाईनं हे कळवल्यावर मी टेम्पोवाल्या शाकिरला गाठलं. तो म्हणाला, शुक्रवारी भावाला घेऊन वर जातो, त्यात काय एवढं. मी सोजराबाईला निरोप धाडला, सुप्रियासाठी माझ्या खोलीतला कोपरा सारवला, अंथरूण घातलं.

गुरुवारी तिन्हीसांजेला एसटी थांबली. सोजराबाई एकटीच उतरली. घोंगडी धुऊन घडी घातलेली होती.

मी दोन ताटं वाढली. दोघी जेवलो. मग तिनं पिशवीतून पुडी काढली, एक गोळी तळहातावर घेतली आणि सारवलेल्या कोपऱ्याकडं बघत राहिली.

"आक्का," ती म्हणाली, "आता सांजची बी माजीच व्हय?"

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला.