वाढत्या चंद्राची डावी बाजू

कोर्टामागच्या गल्लीत रबरी शिक्क्यांचं जे दुकान आहे ते दोन भावांचं. पाटीवर अजून तसंच लिहिलेलं आहे, पण गेल्या वर्षापासून आत एकच खुर्ची असते आणि तिच्यावर धाकटा बसतो. थोरल्याने त्या दुकानात एकेचाळीस वर्षं हाताने शिक्के कोरले. डोळ्याला भिंग, हातात बारीक पातं, आणि रबरावर एकेक अक्षर उलटं. शिक्का कागदावर सुलट उमटायचा तर तो उलटाच कोरावा लागतो, एवढं कुणालाही समजतं. थोरल्याला मात्र ते वाचायला आरसा लागत नसे. लोक वर्तमानपत्र वाचतात तसा तो शिक्का वाचायचा. वकील, मुख्याध्यापक, सोसायट्यांचे सचिव त्याच्याकडे यायचे आणि त्याचं तिरसट बोलणं मुकाट ऐकून घ्यायचे, कारण त्याच्या हातचा शिक्का पंधरा वर्षं झिजायचा नाही.

मग यंत्र आलं. धाकट्याने आणलं. कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करायचा, एक बटण दाबलं की अक्षरं आपोआप उलटी, आणि वीस मिनिटांत शिक्का हातात. थोरला दोन महिने शेजारी बसून नाक मुरडत राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत राहिला की ह्याला मूठ आहे पण धार नाही. एका सोमवारी तो दुकानात आला तर त्याची खुर्ची जागेवर नव्हती. तिथे कोऱ्या कागदांची थप्पी लावलेली होती. धाकटा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "दादा, तू आता आराम कर. गरज पडली की निरोप धाडतो."

निरोप आला नाही. थोरल्याला आयुष्यात आता तेवढंच हवं होतं, की धाकट्याने म्हणावं, दादा, उद्यापासून ये. बाकी त्याला काही नको होतं. पण आपण होऊन दुकानाची पायरी चढणं त्याच्या रक्तात नव्हतं. तो घरात येरझाऱ्या घालायचा, डब्यांची झाकणं नीट लागली आहेत का बघायचा, आणि बायको चिडली की गच्चीवर जाऊन उभा राहायचा. अखेर जावयाने स्वतःच्या घरात धूळ खात पडलेली दुर्बीण आणून दिली. "बाबा, ह्याने चंद्राचे फोटो काढता येतात. मोबाइल धरायचा फक्त." जावयाचा हेतू चांगला होता. सासू जरा मोकळा श्वास घेईल, एवढाच.

फक्त मोबाइल धरायचा, हे म्हणणाऱ्याने स्वतः कधी धरला नसावा. पहिल्या संध्याकाळी थोरल्याने वीस फोटो काढले. त्यातल्या अकरांत काळोख, आठांत त्याचं स्वतःचं बोट आणि एकात पिठाच्या गोळ्यासारखा पांढराफटक चंद्र. चंद्र एवढा उजेड फेकतो हे त्याला ठाऊक नव्हतं. पण हा माणूस कामाला वाघ. हळूहळू त्याला एकेक गोष्ट कळत गेली. स्क्रीनवर चंद्रावर बोट दाबून ठेवायचं आणि उजेड खाली ओढायचा. बटण हाताने दाबलं की सगळं हलतं, म्हणून तीन सेकंदांचा टायमर लावायचा. पूर्ण चंद्र दिसायला गोजिरा, पण फोटोत सपाट. खड्डे बघायचे तर अर्धा चंद्र हवा, कारण उजेड आणि अंधाराच्या हद्दीवर सावल्या लांब पडतात. मोबाइल भिंगासमोर नेमका बसेना, म्हणून त्याने जुन्या शिक्क्याच्या रबराची एक कडी कोरली. तिच्यात दुर्बिणीचं भिंग इकडून आणि मोबाइल तिकडून असा घट्ट बसला की जावई बघतच राहिला. वर्षभरानंतर थोरल्याच्या हातात पातं आलं होतं आणि त्या दिवशी तो बायकोशी दोन शब्द नीट बोलला.

अजून एक गोष्ट त्याला कळायला हवी होती. त्या दुर्बिणीच्या मागच्या टोकाला मान अवघडू नये म्हणून एक वाकडी नळी होती आणि तिच्यात छोटा आरसा. आरशातून आलेला चंद्र डावा-उजवा बदलून येतो. दुसऱ्या कुणालाही हे पहिल्या संध्याकाळीच खटकलं असतं. मान वर केली की आभाळात उजेड उजवीकडे, आणि भिंगात डावीकडे. थोरल्याला खटकलं नाही. एकेचाळीस वर्षं त्याच्या डोळ्यांसाठी उलटं तेच सुलट होतं. बायको एकदा फोटो बघून म्हणाली, "अहो, आपल्याला दिसतो तो असा नसतो हो." त्यावर तो म्हणाला, "तुला दुर्बिणीतलं काय कळतं?" आणि ती खाली निघून गेली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. कुठे थांबायचं ते तिला समजत होतं.

वाचनालयाच्या सभागृहात नवशिक्यांनी काढलेल्या चंद्राच्या फोटोंचं प्रदर्शन भरणार असल्याची सूचना लागली, तेव्हा थोरल्याच्या मनात एकच विचार आला. फोटो मोठा करून छापून घ्यावा लागेल, आणि तसं छापायचं यंत्रही गल्लीत फक्त धाकट्याकडे आहे. कामानिमित्त गेलं तर कमीपणा नाही. धाकटा फोटो बघेल, आणि बघितल्यावर त्याला समजेल की दादाचा हात अजून शाबूत आहे.

इथे धाकट्याविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं अन्यायाचं वाटेल. तो विसाव्या वर्षी दुकानात आला आणि त्याला उलटं वाचता येईना. थोरल्याने त्याला शिकवलं, म्हणजे गिऱ्हाइकांसमोर त्याचा पाणउतारा केला. एकदा धाकट्याने एका शाळेच्या शिक्क्यात एक अक्षर सुलट कोरलं. थोरल्याने तो शिक्का कोऱ्या कागदावर उमटवला, खाली लिहिलं, "माझ्या बंधूंची कलाकुसर," आणि कागद दर्शनी काचेवर चिकटवला. महिनाभर तो तिथे होता. धाकट्याचे होणारे सासरे दुकानात आले तेव्हाही होता, आणि थोरल्याने त्यांना तो बोट ठेवून वाचून दाखवला. सासरे हसले. धाकटाही हसला. त्यानंतर तीस वर्षं दोघे पाठीला पाठ लावून काम करत राहिले आणि धाकट्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. थोरल्याला वाटत होतं, विसरला.

तर थोरला दुकानात गेला. मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, "हा मोठा छापून हवाय. प्रदर्शनात लागणार आहे. आहे तसाच छाप, उगाच हात लावू नकोस."

धाकट्याने फोटो स्क्रीनवर घेतला. बराच वेळ बघितला. थोरला त्याच्या तोंडाकडे बघत उभा होता.

"खड्डे छान आलेत," धाकटा म्हणाला.

एवढ्याने थोरल्याला भरून आलं. तीस वर्षांत त्याने धाकट्याला छान म्हटलं नव्हतं, हे त्याला त्या घडीला आठवलंसुद्धा नाही. तो छापलेला फोटो छातीशी धरून घरी गेला आणि दोन दिवस बायकोला सांगत राहिला, बघ, येतोच निरोप.

रविवारी सकाळी सभागृहात तीसेक फोटो चिमट्यांनी टांगलेले होते. थोरल्याचा मधोमध होता, कारण तो खरोखरच सगळ्यांत स्वच्छ आला होता. खाली पट्टीवर त्याचं पूर्ण नाव, तारीख, आणि "वाढता अर्धचंद्र". आयुष्यभर त्याने दुसऱ्यांची नावं कोरली होती. स्वतःचं नाव असं छापलेलं बघून तो त्या फोटोसमोरून हलेना. शेजारच्या फोटोंकडे बघून त्याने एक-दोघांना सल्लेही दिले.

भूगोलाच्या बाई फोटो बघत बघत त्याच्यापाशी आल्या. प्रदर्शन त्यांनीच भरवलं होतं. त्यांनी चष्मा वर केला, पट्टी वाचली, पुन्हा फोटो बघितला.

"काका, हा तुम्हीच काढलाय ना?"

"म्हणजे?"

"वाढत्या चंद्राची उजवी बाजू उजळलेली असते. ह्यात डावी आहे. ह्या तारखेला असा चंद्र नसतोच." मग त्यांच्याच लक्षात आलं. "तुमच्या दुर्बिणीला आरसा असणार. फोटो उलटवून घ्यायचा राहिला. नवशिक्यांचं होतं हो असं."

मागून कुणीतरी म्हणालं, "शिक्केवाले ना ते, उलटंच काढणार." सभागृह हसलं. हसण्यासारखंच होतं. असा विनोद दुसऱ्यावर करायची संधी थोरल्याने जन्मात सोडली नसती. बाईंनी चिमटे सोडून फोटो त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "उद्या सुलट करून आणा, पुन्हा लावू." त्याचं नाव असलेली पट्टी तेवढी दोरीवर लटकत राहिली.

सोमवारी दुकान उघडायच्या वेळी तो पायरीवर उभा होता. धाकट्याने कुलूप काढलं, दिवे लावले, यंत्र सुरू केलं. थोरल्याने फोटो टेबलावर ठेवला.

"तुला दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं. बटण दाबून दिवसभर तेच तर करतो मी."

"मग बोलला का नाहीस?"

"तू म्हणालास, हात लावू नकोस." धाकट्याचा आवाज चढला नव्हता. "आणि बोललो असतो, तर तू काय म्हणाला असतास, दादा?"

काय म्हणाला असता ते थोरल्याला शब्दन्‌शब्द माहीत होतं. धाकट्याने एक बटण दाबलं. दोन मिनिटांत दुसरा फोटो बाहेर आला आणि त्याने तो पहिल्याच्या शेजारी ठेवला. थोरल्याला मनातून भडकायचं होतं. काही सणसणीत सुचतं का ते तो बघत होता, पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"उद्यापासून येऊ का? कोरायला नाही म्हणत मी. निघालेले शिक्के तपासायला तरी. वाचून बघत जाईन."

धाकट्याने पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"यंत्र चुकत नाही, दादा."

तेवढ्यात एक वकील दारात आला. धाकट्याने पेन थोरल्याच्या पुढे सरकवलं. "बरोबर असेल तो ठेवून जा. मागे नाव लिही, दुसऱ्या कामांत मिसळायला नको. संध्याकाळी जाताना वाचनालयात देतो."

थोरला दोन्ही फोटोंकडे बघत राहिला. एकेचाळीस वर्षांचे डोळे सांगत होते की जुनाच बरोबर आहे. शेवटी लहान पोर करतं तसं त्याने कोरायचा हात टेबलावर ठेवला, हा उजवा असं मनाशी म्हटलं, आणि त्या बाजूला उजेड असलेला फोटो उचलला. तो त्याला धडधडीत चुकलेला दिसत होता. त्याने तो पालथा घातला आणि मागे आपलं पूर्ण नाव लिहिलं. धाकट्याने फोटो न बघताच गिऱ्हाइकांच्या कामांच्या ट्रेमध्ये टाकला आणि वकिलाला म्हणाला, "बोला साहेब."