आहेत आणि असतील

त्यांना सगळे ‘दुर्बीण’ म्हणत. भरतीचं पाणी जिथे खारफुटीत शिरतं, त्या राखीव पाणथळीत ते चाळीस वर्षं होडी वल्हवत होते. पक्षी पाहायला येणारे लोक गळ्यात भारी दुर्बिणी अडकवून होडीत चढत आणि उतरताना म्हणत, की खरी दुर्बीण मागे वल्ह्यापाशी उभी होती. त्यावरून हे नाव पडलं. मी त्यांना दादा म्हणत असे, कारण ते माझ्या यजमानांना भाऊ आणि मला वहिनी म्हणत.

आम्ही दोघं तिथे पहिल्यांदा गेलो तो दिवस माझ्या रोजनिशीत आहे. थंडीतला मंगळवार, ओहोटी, वारा कमी. यांनी विचारलं होतं, “पलीकडे बगळे किती आहेत हो?”

“अकरा आहेत,” दादा म्हणाले. “झाडामागे दोन असतील.”

“म्हणजे तेराच की!”

“नाही भाऊ. दिसले ते आहेत. वाटले ते असतील. दोन्ही एका पोत्यात भरायचे नाहीत.”

हे बराच वेळ हसत होते. मी मात्र त्याच संध्याकाळी वहीच्या पानावर उभी रेघ मारली आणि दोन रकाने केले: डावा ‘आहेत’, उजवा ‘असतील’. राखीव क्षेत्राच्या कार्यालयातही दादांचे फक्त ‘आहेत’ धरले जात. दर हिवाळ्यात मोजणीच्या दिवशी एक अधिकारी होडीत बसे, दादा आकडे सांगत, आणि मग आतल्या खाडीत माणसं नेण्याचा त्यांचा परवाना आणखी एक वर्ष वाढे.

त्यांचे वडील याच खारफुटीत लाकूड तोडत. जागा राखीव झाली त्या दिवशी त्यांनी कोयता खुंटीला टांगला आणि पुन्हा खाली काढला नाही. घरात जेवताना कोणी बोलेनासं झालं. तेव्हा विशीतल्या दादांनी एक जुनी होडी मिळवली, डांबर फासलं आणि पहिल्या पाहुण्यांना शेकाट्याची गुलाबी तंगडी दाखवली. “झाडं तोडता तोडता पक्षी पाठ झाले होते,” ते सांगत, “कामी येतील असं कोणाला वाटलं होतं!” पुढे बायको गेली, मुलगा जहाजावर नोकरीला लागला. घरात ते आणि सून उरले. सून धक्क्यावरच्या खोलीत तिकिटं फाडते. तिची जीभ तिखट आहे आणि हात मायेचा.

हे गेल्यावर मी एकटी जाऊ लागले, मोजणीच्या दिवशीही. दादांच्या पुढ्यातल्या फळीवर बसायचं, यांची दुर्बीण डोळ्यांना लावायची आणि मोजायचं. मला मोजताना पुटपुटायची खोड आहे. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर बाकावर पट्टी आपटून म्हणत, ओठ मिटून मोज. ती खोड गेली नाही. दुसरी खोडही त्याच शाळेची. आकडे इंग्रजीत शिकल्यामुळे मराठीत बोलताना माझे उलटे होतात. सेहेचाळीस म्हणायचं तिथे तोंडातून चौसष्ट निघतं. हे मला त्यावरून जन्मभर चिडवत.

मागच्या मोजणीच्या आदल्या दुपारी मी विश्रामगृहाच्या खोलीत जुन्या नोंदी एकत्र उतरवत बसले होते. माझे आकडे आणि दादांचे आकडे, शेजारी शेजारी. पहिल्या वर्षांत ते कधीच जुळत नसत. माझे एकशेबेचाळीस तर त्यांचे एकशेसत्तेचाळीस. दोन माणसांची नजर, जुळणार कशी? पण शेवटच्या दोन हिवाळ्यांत आकडा न् आकडा एकच होता. फक्त एका पक्ष्यापाशी फरक होता. तुतवार: माझे ४६, दादांचे ६४. खाली माझीच टीप, “दादांची नजर अजून माझ्याहून तीक्ष्ण.”

मी पेन खाली ठेवलं. ती चूक नजरेची नव्हतीच. ती माझ्या तोंडाची चूक होती, जगात फक्त माझी. दादा पक्षी मोजत नव्हते, माझं पुटपुटणं ऐकत होते.

मग एकेक आठवलं. त्याच सकाळी सून धक्क्यावर म्हणाली होती, “बाबा, शर्टाची बटणं एक घर वर गेलीत. पक्षी मात्र एक सुटत नाही तुमच्या नजरेतून!” दादा हसून बटणं चाचपत राहिले होते.

दुसऱ्या दिवशी होडीत पुढे तरुण अधिकारीबाई, मध्ये मी, मागे दादा. वाटेत एक बुंधा होडीला घासून गेला. मी रात्रभर ठरवलं होतं आणि तरी काहीच ठरलं नव्हतं. एक आकडा पुटपुटला, की त्यांची होडी त्यांच्याकडे राहणार होती. पण उद्या त्याच होडीत कोणाची लेकरं बसणार होती, आणि समोरच्या कागदावर ‘आहेत’ लिहिलं जाणार होतं.

चिखलाच्या पट्ट्यापाशी होडी थांबली. मला चिखल्या पक्षी स्पष्ट दिसत होते, एकतीस. मी ओठ मिटून मोजले.

“दादा, किती?” अधिकारीबाईंनी विचारलं.

मागून उत्तर आलं नाही. वल्ह्यावरून पाणी ठिबकत होतं.

“वहिनी, आज घसा बसलाय का?” दादांनी हळूच विचारलं.

“नाही, दादा.”

मी वळून पाहिलं नाही. माझ्यात तेवढं धैर्य नव्हतं.

“असतील,” दादा म्हणाले.

“किती असतील?”

“ते मला काय माहीत, बाई? पांढुरकं काहीतरी आहे. पक्षी असतील, नाहीतर कोणाची फाटकी पिशवी असेल.” त्यांनी घसा साफ केला. “आणि मागची दोन वर्षंही ‘असतील’मध्ये टाका. ते आकडे या वहिनींचे. मी नुसता कान दिला.”

अधिकारीबाई बराच वेळ लिहीत होत्या. शेवटी म्हणाल्या, “दादा, मला परवाना ठेवून घ्यावा लागेल.” दादांनी पत्र्याच्या डबीतून तो काढून दिला. चार घड्यांचा कागद, कडा मऊ झालेल्या.

धक्क्यावर उतरल्यावर मी विचारलं, “रागावलात?”

“रागावलो. परवापर्यंत राहील राग, मग जाईल.” ते होडीच्या काठावर हात ठेवून उभे होते. “होडीत उभा आहे तोवर मी दुर्बीण, वहिनी. काठावर आलो की नुसता म्हातारा. म्हणून ओढत होतो.”

सून खोलीतून बाहेर आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. या वेळी जीभ चालली नाही. तिने सासऱ्यांच्या शर्टाची बटणं काढून नीट लावली.

या हिवाळ्यात मी गेले तेव्हा परवाना सुनेच्या नावावर होता. वर्षभर सासऱ्यांनी तिला खाडीतला बुंधा न् बुंधा शिकवला होता. ती मागे वल्हं घेऊन उभी, आणि दादा माझ्या शेजारी फळीवर.

“बाबा, सरकून बसा. वहिनींना जागा द्या. होडी आता तुमची नाही.”

“ऐकलंत? परवाना मिळाला आणि पदर खोचला!”

आत वळल्यावर ते कान देऊन बसले. मग मान तिरकी करून म्हणाले, “डाव्या काठाला तुतवार. तीन असतील.”

मी दुर्बीण लावली. चिखल, मुळं, पाणी, त्यापलीकडे काही नाही. वाऱ्याखेरीज मला काही ऐकूही येत नव्हतं. मी उजव्या रकान्यात तीन लिहिले.

सुनेचं वल्हं मुळाला लागलं, आणि काठावरून बारीक शीळ घालत पक्षी उठले. एक, दोन, तीन. पाण्यालगत उडत वळणाआड गेले. मी ओठ मिटूनच मोजले होते.

“वहिनी,” दादा समोर बघत म्हणाले, “रकाना बदला.”