दोन एचपीची कांडी

आता तुमच्यापासून काय झाकायचं? माझी फजिती आमच्या अख्ख्या लोहा गावाला ठाऊक हाय, तुम्हीच तेवढे राहिलात. चहा घ्या अन् ऐका.

शाळा मी चौथीत सोडली. पण मोटारीतलं मला विचारा! चाळीस वर्षं विहिरीवर मोटारी चालवल्या. ताकद मोजायची ती एचपीत. वॅट-बिट हे शिकलेल्यांचं खूळ.

नव्या सूनबाईचे वडील, आमचे इवाई, लातूरहून पहिल्यांदाच मुक्कामाला आले. थंडी अशी की बोलता सोय न्हाई! ते आल्या-आल्याच मी फुशारकी मारली, "लातूरकर, इथं बादल्या मोजायच्या न्हाईत. कढत पाण्यानं मनसोक्त न्हा!"

पहाटे इवाई न्हाणीत गेले. एक बादली संपवली, अंगभर साबण चोळला अन् हाक दिली, "इवाई, दुसरी येऊ द्या!"

दुसरीत हीटरची कांडी आत्ताच टाकलेली. तेवढ्यात लाइट गेली!

म्हणलं, इन्व्हर्टर हाय की! टीव्हीचा बोर्ड त्याच्यावरच चालतो. बादली ओढली तिकडं.

सूनबाई विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकलेली इंजिनियर. धावत आली. "मामा, नका! कांडी दीड हजार वॅटची हाय. म्हणजे दोन एचपी. आपला इन्व्हर्टर जेमतेम एक एचपीचा."

"ही बोटाएवढी कांडी दोन एचपी? अगं, दोन एचपीची मोटार चालू केली की चार रानं सोडून ऐकू येती. ही तर हूं की चूं करत न्हाई!"

"आवाजावर नसतं ते, मामा. सातशे शेहेचाळीस वॅटचा एक एचपी. थांबा, मी चूल पेटवते."

"मला शिकवती का?" अन् दाबलं बटन.

इन्व्हर्टर किंचाळला अन् बंद. परत चालू केला, परत किंचाळला. मोटार अडली की आम्ही काय करतो? स्टार्टर दाबून धरतो! तसंच केलं. आतून फट्ट आवाज, धूर, अन् न्हाणीतला दिवाही गुल.

"इवाई, साबण वाळून राहिला!"

शेवटी टॉवेल गुंडाळून, दातावर दात वाजवत इवाईच बाहेर आले. अंगावर साबणाचे पापुद्रे. बादलीत बोट घातलं. गारढोण! मग इन्व्हर्टरला हात लावला अन् चटकन मागं घेतला.

लेकीकडं वळून म्हणले, "बाई, चूल कशाला पेटवतीस? बादली ह्याच्यावरच ठेव. तुझ्या सासऱ्यानं लई झकास तापवलाय!"