चौकला जाताना पळसदरी लागत नाही

हे लिहायला मी दीड महिना टाळाटाळ केली. वही काढायचो, पेन्सिलीला टोक करायचो आणि खिडकीतून पतंग बघत बसायचो. प्रवासही असाच केला, त्यामुळे वाचतानाही जरा सांभाळून घ्या.

जायचं होतं चौकला. दोन वर्षांपूर्वी ताईचं लग्न तिथल्या एका गॅरेजातल्या मेकॅनिकशी ठरलं. "काळ्या हातांचा नवरा," असं मी चारचौघांत बोललो आणि लग्नाच्या दिवशी घरातून पळालो. खरं तर आई दिवसभर कामावर, मला वाढवलं तिनंच. तिचं जाणं बघवत नव्हतं. तेव्हापासून ती माहेरी आलेली नाही. माझ्या छातीवर मात्र रोज येऊन बसते. माफी मागायची, बस्स, म्हणून निघालो.

कल्याणहून सकाळची गाडी धरली. कर्जतला उतरलात तर स्टेशनावरचा वडा खाच. तीस पैसे, आणि चटणी हात न आखडता देतात. पुण्याच्या गाड्यांना इथं घाट चढायला मागून ढकलणारी इंजिनं जोडतात. ते बघण्यात तास गेला. मग कुणीतरी म्हणालं, पळसदरीचं धरण बघण्यासारखं आहे. झालं! रुळांच्या कडेनं चालू लागलो. भात कापून झालेलं, रिकाम्या शेतांवर ऊन पातळ दुधासारखं पसरलेलं. पाण्यात डोंगर उलटा टांगलेला. काठावर आडवा झालो. डोळे मिटले, तर मी कुणाचा भाऊच नव्हतो.

गवताचा भारा घेऊन चाललेली एक बाई थांबली.

"कुटं जायाचं रं?"

"चौकला."

"मंग हितं काय करतोस? चौक काय पान्यात बुडालंय?"

उठलो. परत कर्जत, तिथून पनवेलची एसटी. चौकला उतरलं की इर्शाळगडाचा सुळका दिसतो, त्यातलं आरपार भोकही. तेही बराच वेळ बघितलं.

गॅरेजात एका ट्रकखालून दोन पाय बाहेर आले होते. खालून आवाज आला, "चौदाचा पाना दे रं."

दिला.

"ह्यो सोळाचा हाय, आंदळ्या!"

पायांशी बोलणं सोपं असतं. म्हटलं, "दाजी, मी ताईचा भाऊ. पळालेला. चुकलो."

खालची खटखट थांबली. दाजी सरकत बाहेर आले, कपाळाला ग्रीस.

"कान पिळायला मेवनाच नव्हता. भटजी म्हनला, चालंल. तुजी ताय मांडवात रडली." मग त्यांनी मान वाकडी केली. "पिळ आता. बिगीन, शेट बगतोय."

पिळला. माझीही बोटं काळी झाली. दाजी हसले. "माजं झालं. तिचं तू बग. मागंच घर हाय."

हाक मारली. ताईनं दार उघडलं नाही.

"जेवलास का?" आतून आलं.

"हो."

"मग जा."

गेलो. शेवटच्या गाडीत बसायला जागा मिळाली.

ओझं उतरलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. एक कान हलका झाला, दुसऱ्यात अजून ते "मग जा" आहे. तरी त्या रात्रीपासून झोप लागते, आणि स्वप्नात पळसदरीच्या पाण्यावर मी नुसता तरंगत असतो. तुम्हीही जा. फक्त जिथं जायचंय तिथं आधी जा.

खाली टांगा थांबलाय. आई जिन्यावरून ओरडतेय, "अगं, एकटीच? कळवायचंस तरी!" आणि ट्रंक पायरीला आपटत कुणीतरी विचारतंय, "तो जेवला का?"